गोव्याला जायचंय, पण संध्याकाळी सातचं काय?

वाचकाचं पत्र:

"दादा, नमस्कार. वय ४१, वडगावात घर, उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. गेल्या गणपतीच्या विसर्जनानंतर दारू बंद केली, आता आठ महिने होतील. डॉक्टरांची गोळी चालू आहे, रोज सकाळी बायको हातावर ठेवते. वरून प्यायलं तर उलट्या होणार, छाती धडधडणार म्हणून सांगितलंय. त्या भीतीनं का होईना, टिकलोय.

आता मे महिन्याच्या सुट्टीत साडूनं चार दिवस गोव्याचा बेत ठरवलाय. त्यांची फॅमिली, आमची फॅमिली, कलंगुटजवळ भाड्यानं फ्लॅट घेतलाय. मुलं नाचायला लागलीत. साडू माणूस चांगला आहे, मी दवाखान्यात होतो तेव्हा रात्रीचा तोच उशाला बसायचा. पण परवा फोनवर म्हणाला, 'गोव्याला जाऊन लिंबू सरबत पिणार काय गा? दोन बिअरनं काय होतंय?' बायको म्हणते जाऊया, पण तिचा चेहरा बघितला की कळतंय.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जावं का? चार दिवस गोळी बंद ठेवली तर चालेल का? म्हणजे पिणार म्हणून नाही, पण चुकून झालंच तर त्रास नको म्हणून. आणि तिसरं विचारायला लाज वाटते. गोव्याला मी आठ-दहा वेळा गेलोय, पण दारू सोडून तिथं माणसं करतात काय, ते मला खरंच माहीत नाही.
– एक वाचक, वडगाव, बेळगाव"

भाऊ,

आधी गोळीचं बोलूया. बाकीचं सगळं नंतर बोललं तरी चालेल.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण वर्णनावरून ती डायसल्फिरॅम असणार. पाकिटावर बघून खात्री करून घ्या. दारू पोटात गेली की आपलं यकृत तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं एक विष करतं आणि लगोलग ते विष मोडूनही टाकतं. ही गोळी नेमकं ते मोडण्याचं काम अडवते. मग विष साठत जातं. तोंड लालबुंद, डोकं ठणकायला लागतं, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. क्वचित माणूस दगावतोसुद्धा. आणि गोळी सोडली म्हणून तिचा अंमल दुसऱ्या दिवशी उतरत नाही. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा प्रकार होऊ शकतो. बुधवारी गोळी थांबवली आणि शनिवारी बागा बीचच्या वाळूत बिअर उघडली, तर रविवार तुम्ही दवाखान्यात काढाल आणि मुलं बाहेर बाकड्यावर बसून.

म्हणजे गोळी चालूच राहणार. वहिनी इथं हातावर ठेवतात, तिथंही ठेवतील. दोन जास्तीच्या बरोबर घ्या, म्हणजे मुक्काम वाढला तरी अडायला नको.

आता रागावू नका, पण तुमच्या पत्रातलं "चुकून झालंच तर" हे वाक्य मी तीनदा वाचलं. ज्या दिवशी मनात हा गोळीचा हिशोब सुरू झाला, त्या दिवशी पहिला पेग भरून तयार होता, फक्त अजून तुमच्या पुढ्यात आला नव्हता. मला हे ओळखता येतं कारण मीही असेच हिशोब केलेत. वीस वर्षं प्यायलो, सोडून सतरा झाली, आणि हिशोबात मी खरंच हुशार होतो. मास्तर होतो ना.

खरंखुरं चुकून पोटात जातं ते वेगळंच असतं. खोकल्याचं काही औषध, तोंड धुवायचं माउथवॉश, रम घातलेला केक, लिकर भरलेली चॉकलेटं. गोव्याच्या चोरीस, सोरपोतेल या डुकराच्या मांसाच्या पदार्थांत व्हिनेगर असतं, कधी फेणीचा हातही लागलेला असतो. ही गोळी घेणाऱ्याला डॉक्टर व्हिनेगरसुद्धा सांभाळून म्हणतात. जाण्याआधी एकदा त्यांच्यापुढं बसून ही यादी काढा. (घरच्या माणसांना एक कडक सूचना, कारण आपल्या भागात हा उद्योग सर्रास चालतो: ही गोळी माणसाला न सांगता आमटीत मिसळून देऊ नका. त्याला कल्पना नसते, तो नेहमीसारखा पितो, आणि मग काय होईल ते वर लिहिलंय.)

जावं का? तुम्ही जर लिहिलं असतं की वर्कशॉपची जुनी चौकडी निघालीय, तर मी एका ओळीत 'नको' म्हणून पत्र मिटवलं असतं. आठ महिने हा काळ तुम्हाला मोठा वाटतोय, आणि आहेच, पण त्या चौघांबरोबर गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट उतरायला तो पुरत नाही. इथं बायकोमुलं बरोबर आहेत आणि साडू रात्रभर उशाला बसणारा माणूस आहे. म्हणून मी जा म्हणेन. पण निघायच्या आधी साडूशी बोलणं झालं पाहिजे, आणि तेही फोनवर नको. त्यांच्या घरी जा, चहा घ्या, आणि सरळ सांगा: मी सोडलीय. तुम्ही प्या, माझी ना नाही, पण फ्लॅटच्या फ्रीजमध्ये बाटली नको आणि मुलांसमोर मला आग्रह नको. एवढ्या दोनच गोष्टी. दवाखान्यात ज्यानं तुमची अवस्था डोळ्यांनी बघितली, त्याला हे समजणार नाही असं मला वाटत नाही. लोक फोनवर जे फेकतात ते समोरासमोर तसं बोलत नाहीत.

आणि नाहीच ऐकलं, पुन्हा 'दोन बिअरनं काय होतंय'वरच गाडी आली, तर या वेळी गोवा राहू द्या. मुलांना दांडेलीला न्या, काळी नदी आणि रान बघून पोरं खूश होतील. नाहीतर आंबोलीला. गोकाकचा धबधबा मात्र मेमध्ये सुचवत नाही. ५२ मीटरवरून घटप्रभा कोसळते ती पावसाळ्यात, उन्हाळ्यात तिथं बघायला नुसता कोरडा कडा. करदंट मिठाई तेवढी बाराही महिने मिळते.

गोव्याला निघालातच तर अजून एक करा. परतीच्या बसच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून आतल्या खिशात ठेवा. पणजीच्या कदंब स्टँडवरून बेळगावला बस मिळते. ते पैसे वापरायची वेळ बहुधा येणार नाही, पण खिशात आहेत एवढ्यानं मान जरा सैल राहते. जिथून उठून जाता येतं तिथं बसणं सोपं जातं.

आता आग्रहाचं. आपल्याकडं पंगतीत 'नको' या शब्दाला किंमत नाही. वाढपी तीनदा 'नको' ऐकतो आणि चौथ्यांदा मांडा वाढतोच. नाही वाढला तर आपणच घरी येऊन म्हणतो, काय माणसं, आग्रहसुद्धा केला नाही. लहानपणापासून आपल्या कानाला सवय आहे की 'नको' म्हणजे 'अजून एकदा विचारा'. पिणाऱ्यांची बैठकही याच पंगतीच्या नियमानं चालते. म्हणून तिथं 'आज नको' म्हणणारा माणूस टिकत नाही. आज नको म्हणजे उद्या चालेल. 'डॉक्टरांनी नको म्हटलंय' याचाही उपयोग नाही, लगेच कुणीतरी सांगतो की माझ्या डॉक्टरनं तर बिअर चालते म्हटलंय, आणि वाद सुरू. कारण दिलं की ते खोडायला माणसं सरसावतात.

मग पंगतीत वाढपी थांबतो कशानं? पानावर आडवा हात धरला की. तोंडानं काही बोलावं लागत नाही. बैठकीतला आडवा हात म्हणजे तुमच्या हातातला भरलेला ग्लास. बसायच्या आधीच स्वतः जाऊन कोकम सोडा, सोलकढी, लिंबू सोडा, जे आवडेल ते घ्या, बाटली असेल तर आपल्यासमोर फोडून घ्या, आणि ग्लास हातात ठेवा. रिकाम्या हाताच्या माणसाला विचारतात, भरल्या ग्लासवाल्याला सहसा कुणी विचारत नाही. ग्लास टेबलावर ठेवून मुलांमागं गेलात तर परत आल्यावर तो ओतून टाका आणि नवा घ्या. कुणी मुद्दाम काही करेल असं नाही, पण अंधारात कोकम कुठलं आणि दुसऱ्याचं रम-कोला कुठलं ते कळत नाही. 'झिरो' म्हणून जी बिअर मिळते तिचाही नाद नको. त्यातल्या काहींत थोडा अल्कोहोल असतोच, तुमच्या गोळीला तो चालणार नाही, आणि तो कडवट वास नाकात गेला की डोकं जुन्या वाटेला लागतं.

बोलायची वेळ आलीच तर 'पीत नाही'. दोन शब्द, पुढं काही नाही. आमचा खानापूरचा एक मित्र कन्नडात 'साकु', म्हणजे 'पुरे', म्हणतो आणि हसतो. मी एकदा मराठी पंगतीत करून बघितलं. वाढपी दचकला आणि खरंच पुढं गेला.

तिसरा प्रश्न तुम्ही लाजत विचारलात, पण पत्रात सगळ्यात मोलाचा तोच आहे. माझंही तेच होतं. पिण्याच्या काळात मी गोव्याला पंधरा-वीस वेळा गेलो असेन, आणि आठवतं काय? एका लॉजची निळी-पांढरी फरशी, एका बारचा पंखा आणि परतीच्या बसची काच. समुद्र मी पहिल्यांदा नीट पाहिला तो वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी. त्याआधी तो फक्त आवाज होता, मागं कुठंतरी चाललेला.

दारूवाल्याचा दिवस संध्याकाळी सातला सुरू होतो. दिवसभर तो सातची वाट बघतो आणि सकाळी सातचं फेडत बसतो. दारू सोडली की बाटली जाते, सात वाजायचे थांबत नाहीत. घरी असताना सातला तुम्हाला काम असेल, मुलांचा अभ्यास, दळण, टीव्ही. सुट्टीत मात्र ते तास मोकळे पडतात, आणि आपल्या हाताला त्या वेळी एकच गोष्ट माहीत असते. तेव्हा ट्रिपची आखणी करताना कुठला बीच, कुठलं देऊळ हे नंतर ठरवा. आधी चारही दिवस साडेसहा ते साडेनऊ कुठं असणार ते लिहून काढा.

माझी चूक सांगतो. सोडून पाच महिने झाले होते, जुलै होता, चुलतभावांबरोबर आंबोलीला गेलो. संध्याकाळचा काही बेत केला नव्हता. दिवसभर पावसात चाललो, दुपारी जेवलो नव्हतो. लॉजवर आलो तर लाईट गेलेली, मेणबत्ती लावली, आणि अंधारात कुणीतरी बाटलीचं टोपण फिरवलं. कट्ट. त्या आवाजासरशी तोंडाला पाणी सुटलं. अक्षरशः सुटलं, दोनदा गिळलं मी. पाय लटपटायला लागले. चहा सांगून येतो म्हणून उठलो आणि भर पावसात स्टँडजवळच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्याचा ट्रान्झिस्टर चालू होता, भिंतीवर घड्याळ होतं. सात वाजून दहा मिनिटं. पहिला चहा, मग कांदाभजी, मग दुसरा चहा, मग भज्यांची दुसरी प्लेट. घड्याळाकडं बघत होतो आणि नुसता खात होतो. एका भज्यात मिरचीचा आख्खा तुकडा आला आणि मी टपरीवाल्यावर खेकसलो. तेव्हा ध्यानात आलं की मी मिरचीचा विचार करतोय, बाटलीचा नाही. सात पस्तीस झाले होते.

ही तलफ अशीच असते. लाटेसारखी चढते, आता घेतल्याशिवाय सुटका नाही असं वाटतं, आणि हात लावला नाही तर साधारण पंधरा ते तीस मिनिटांत उतरते. पुन्हा येईल, पण पुन्हा उतरेलही. त्या वेळी जागा सोडायची, पोटात काहीतरी घालायचं, शक्यतो गोड किंवा तिखट, आणि कुणाशी तरी बोलायचं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांत चार गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. त्या दिवशी आंबोलीत माझ्यापाशी निदान दोन होत्या. तुम्ही बैठकांना जाता की नाही ते लिहिलं नाहीत. जात असाल तर तिथल्या एकाला आधीच सांगून ठेवा की या चार संध्याकाळी फोन करीन. जात नसाल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक मोबाईलमध्ये ठेवा. गोव्यातही बैठका भरतात.

टपरीवरून परत गेलो तेव्हा भावांचा गप्पांचा विषय तोच होता जो मी सोडून गेलो होतो. नऊ वाजेपर्यंत एकच किस्सा तिसऱ्यांदा सांगून झाला, तिन्ही वेळा सगळे तेवढेच हसले. शुद्धीवर राहून पिणाऱ्यांच्यात दोन तास बसणं हा मोठा उतारा आहे हो. मी किती रटाळ माणूस होतो ते मला त्या रात्री समजलं.

तर, साडेसहा ते साडेनऊ. पहिल्या दिवशी मुलांना घेऊन सूर्य बुडेपर्यंत पाण्यात थांबा, मग आंघोळ, आणि साडेसातला जेवण. लवकर जेवा. पोट भरलं की तलफेची निम्मी ताकद जाते. जेवण किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये नको, गावातल्या साध्या खानावळीत माशांचं ताट घ्या, जिथं सोलकढी वाटीवर वाटी मिळते. दुसऱ्या दिवशी पणजीत कुठं तियात्राचा प्रयोग लागलाय का बघा. कोकणी बोली पहिली दहा मिनिटं कानाला अवघड जाते, मग गाणी आणि विनोद आपोआप कळायला लागतात. नाटकाला वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, आणि दोन-तीन तास हातात ग्लास धरता येत नाही. मला अजून यापेक्षा चांगली संध्याकाळ सापडलेली नाही. मांडवीवरचे ते दिव्यांनी लखलखणारे कॅसिनो काठावरून बघायला छान आहेत. आत जाऊ नका. तिथं बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या पैशांतच दारू धरलेली असते, आणि फुकट आलेला ग्लास परत पाठवणं आपल्या मराठी मनाला अजून जड जातं. एखादी संध्याकाळ फ्लॅटवरच काढा. मुलांबरोबर पत्ते, भिकार-सावकार. साडूलाही बसवा, बसतो की नाही बघा.

रात्री वाचली की सकाळ हाती लागते. गोव्यातली सकाळ तुम्ही बघितलेली नाही, मीही बघितली नव्हती. साडेसहाला खाली पोंय-पोंय असा भोंगा वाजतो. तो पोदेर, सायकलवर पावाची टोपली घेऊन आलेला. त्याच्याकडची पोई घ्या, कोंड्याची, आतून पोकळ, हातात धरली की गरम वाफ बाहेर येते. जवळच्या हॉटेलात पातळ भाजी सांगा आणि त्यात ती बुडवून खा. किनारा त्या वेळी मोकळा असतो, रात्रीच्या बाटल्या गोळा करणारे दोघे-तिघे आणि कुत्री. मुलांना तेव्हाच पाण्यात सोडा, पण जीवरक्षक टॉवरवर आल्यावरच.

दिवसाच्या गोष्टी मी भराभर सांगतो, त्यात माझं फार मत नाही. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण बेटावर जा, पलीकडं सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीतून वाट जाते. जुन्या गोव्यात बॉम जीझसचं चर्च आहे, मंगेशी आहे, शांतादुर्गा आहे. परतताना वाट वाकडी करून मोले-अनमोड मार्गे या आणि तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ बघा. काळ्या दगडाचं, गर्द रानात, शेजारी ओढा. आपल्या खानापूर तालुक्यातलं हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ ज्या गोवा कदंबांच्या काळातलं, त्यांच्याच काळातलं हे. हलशी बघितलेल्या पोराला सांगा, तो दोन्हींतले फरक शोधत बसेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाईट वाटायला नको. या सगळ्याची मजा तुम्हाला अपेक्षेएवढी येईलच असं नाही. सोडल्यावर पहिले काही महिने सगळं जरा फिकं लागतं. वर्षानुवर्षं मेंदूला आनंदाचा मोठा डोस बाहेरून मिळायची सवय झालेली असते, साध्या गोष्टींची चव परत यायला त्याला वेळ लागतो. समुद्रापुढं उभं राहून 'बस, एवढंच?' असं वाटलं तर तो दोष समुद्राचा नाही आणि तुमचाही नाही.

गाडीचं. तुम्ही पीत नाही म्हटल्यावर साडू म्हणणारच, 'मग गाडी तूच घे.' घ्या. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडला की गुन्हा, आणि पोलिसांचं राहू द्या, मागं चार मुलं बसलेली आहेत. किल्ली खिशात असली की बैठकीत तुमचं एक कामही ठरतं, रिकामं बसल्यासारखं वाटत नाही. पण हद्द ठरवा. साडेदहानंतर मी झोपणार, कुणाला आणखी कुठं जायचं असेल तर टॅक्सी. नाहीतर चार दिवस तुम्ही पिणाऱ्यांचे ड्रायव्हर, हमाल आणि आया होता, आणि तिसऱ्या रात्री त्या रागातूनच ग्लासाकडं हात जातो. वर चार गोष्टी सांगितल्या त्यात राग आहेच.

आणि परतीच्या दिवशी हमखास एक प्रस्ताव येईल: 'तू पीत नाहीस, तुझ्या बॅगेत कोण बघणार, दोन बाटल्या तेवढ्या ठेव.' गोव्यात स्वस्त म्हणून परवान्याशिवाय बाटल्या कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, चेकपोस्टवर सापडलं तर गाडीसुद्धा जाते. पण माझं कारण वेगळं आहे. घाट चढून घरापर्यंतचे दोन-तीन तास ती बाटली तुमच्या मांडीवर असेल.

जाताना कुठं सांभाळायचं तेही सांगतो. गोव्यात पोचल्यावर नाही, त्याच्या बरंच आधी. मे महिन्यात जांबोटीच्या पुढं काजूच्या बोंडूचा आंबूस-गोड वास गाडीत शिरतो. हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे, दिवस तेच. पुढं चोर्ल्यात रस्ता वळतो, गोव्याची पाटी येते, आणि मागोमाग वाईन शॉपं सुरू होतात. पिणाऱ्याची ट्रिप तिथंच सुरू व्हायची, तुमचीही होत असेल. तेव्हा त्या टप्प्यात गाडी तुम्ही चालवा. कणकुंबीला थांबून मुलांना माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम दाखवा, पोटभर खायला घाला, तुम्हीही खा, आणि मग घाट थेट उतरा. साखळी गाव येईपर्यंत थांबू नका.

इतकं करूनही घसरलात तर? घसरू नये म्हणूनच हे सगळं लिहिलंय, पण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. गोळी पोटात असताना प्यायलात आणि तोंड लाल, धडधड, उलटी सुरू झाली, तर झोपून जाईल म्हणून थांबू नका, दवाखाना गाठा आणि तिथं गोळीचं नाव सांगा. दुसरं, त्याच रात्री वहिनींना सांगा. बेळगावला जाऊन सांगीन म्हणालात की मधले दोन दिवस 'आता मोडलंच आहे तर' या नावाखाली वाहून जातात. आठ महिने एका ग्लासानं पुसले जात नाहीत, पुढच्या तीन दिवसांनी मात्र पुसले जाऊ शकतात. आणि अंगाची जुनी सवय आता राहिलेली नाही. पूर्वी जेवढी पचायची तेवढी आता घेतली तर ती भलतीच चढते.

वहिनींचं राहिलं. त्यांचा चेहरा बघितला की कळतंय, असं लिहिलंत. काय कळतंय ते त्यांना एकदा विचारा. माझी बायको पहिली दोन वर्षं मी बाहेरून आलो की चप्पल काढायच्या आत जवळ यायची, शर्टाची कॉलर नीट करायच्या निमित्तानं. मला भयंकर राग यायचा. मी एवढं करतोय आणि ही वास घेते! एका दिवशी मीच दारात उभा राहून 'हा' केलं, मोठ्यानं, तिच्या तोंडासमोर. ती आधी चिडली, मग हसायला लागली. त्यानंतर किती तरी दिवस तो आमचा नेमच होता. वहिनी तिथंही वास घेतील, समुद्रावरून आलात की, बाथरूममधून बाहेर पडलात की. घेऊ द्या. चार दिवसांतला एखादा तास मात्र त्यांच्यासाठीही काढा. मुलं साडूंकडं सोडा, आणि दोघंच सकाळी किनाऱ्यावर चालून या. तुमच्या आठ-दहा गोव्यांपैकी त्या किती वेळा बरोबर होत्या, आणि असल्या तर दिवसभर खोलीत बसून कुणाची वाट बघत होत्या, ते तुम्हाला माहीत आहे.

परतल्यावर चार ओळी टाका. आणि येताना घरी पोई आणलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवा, नंतर ती चामड्यासारखी होते.

तुमचा,
दादा